झाडलोटवालीची बंदूक

भिंतीवरच्या स्पीकरमधून माझं नाव आलं तेव्हा रसायनशास्त्राचा तास चालू होता, आणि नाव अर्ध्यात अडखळलं. माझं नाव सगळ्यांच्याच तोंडात अडखळतं. कोरिन लाय... लायबेन्स... लायबेन्सपर्गर, कौन्सेलरच्या खोलीत यावं. शेजारी बसलेली यारित्सा माझ्याकडे वळली. "काय केलंस?" "काही नाही." "मग तोंड असं का झालंय?" "असंच आहे माझं तोंड," मी म्हटलं आणि दप्तर उचललं. नोव्हेंबर होता, खिडकीतून आमच्या रेडिंग गावातल्या विटांच्या घरांची रांग आणि त्यामागचा उघडाबोडका डोंगर दिसत होता. खोटं कशाला बोलू, मला जरा मजाच वाटत होती. वर्गातल्या सगळ्या माना माझ्याबरोबर दारापर्यंत आल्या.

कौन्सेलर मिसेस फिग्वेरोआ टेबलामागे फार सावध बसल्या होत्या, कुणाला वाईट बातमी सांगायची असल्यासारख्या. दारात शाळेचा पोलीस उभा होता. तो एरवी मला जिन्यात हसून हात करायचा, आज बुटांकडे बघत होता. टेबलावर एक छापील कागद होता. लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर मी जे विचारलं होतं ते त्यावर जसंच्या तसं होतं. सतरा वर्षांच्या मुलीने घरी बंदूक बनवणं कायद्यात बसतं का? आणि त्याखाली, कारण मला एक प्रश्न विचारून थांबता येत नाही: एवढी खटपट करण्यात अर्थ आहे का?

"कोरिन, तुला कुणाचा राग आलाय का?"

शहाण्या मुलीने नाही म्हटलं असतं. "हो," मी म्हटलं.

"कुणाचा?"

"एल्वुड ड्रायबेलबिसचा."

त्यांनी पेन उचललं. "कितवीत आहे तो?"

"ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत."

पोलिसाने बुटांवरून नजर काढली. मिसेस फिग्वेरोआंनी पेन परत खाली ठेवलं. मग फार हळू आवाजात विचारलं, "त्यांना इजा करावी असं वाटतं तुला?" आणि मी खरोखर विचारात पडले. असं कुणी मला कधी विचारलंच नव्हतं. माझ्या आत तेव्हा जे काही होतं ते तापलेल्या तव्यासारखं होतं, पाणी टाकलं की चर्र. त्या खोलीत, त्या दोघांसमोर, मला पहिल्यांदा ते नीट दिसलं आणि मला त्याचा अभिमानसुद्धा वाटला. "खूप," मी म्हटलं. "पण तुम्ही समजताय तशी नाही."

मग समजावून सांगणं आलं. मला बनवायची होती ती ठासणीची बंदूक. लांब नळीची, चकमकीची ठिणगी पडून उडणारी, आमच्या या खोऱ्यातल्या जर्मन लोहारांनी अडीचशे वर्षांपूर्वी जशी बनवली तशी, मेपलच्या लाकडाच्या दस्त्याची. दारू समोरून ओतायची, गोळी समोरून ठासायची, एक बार झाला की पुन्हा पहिल्यापासून. मिसेस फिग्वेरोआ म्हणाल्या, "म्हणजे ती खरी उडत नाही." "उडते की. हरीण पडतं." "मग ती बंदूकच झाली." "तुमच्या माझ्या लेखी. सरकारच्या लेखी ती जुनीपुराणी वस्तू आहे. मी उद्या बनवली तरी जुनीपुराणी." "आणि विकली तर?" "विकायला बनवत नाहीये मी." त्यांनी पोलिसाकडे पाहिलं. तो खांदे उडवून म्हणाला, "खरं आहे मॅडम. माझ्या मेव्हण्याकडे तसल्या आहेत. ख्रिसमसनंतर त्यांचा वेगळा मोसम असतो शिकारीचा." तरी आईला बोलावलंच. आई प्रेट्झेलच्या, म्हणजे पीळ घातलेल्या खारट पावाच्या, बेकरीतून थेट आली, एप्रनवर जाड मीठ तसंच, आणि खुर्चीवर बसल्यावर ते जमिनीवर टपटप पडलं. मिसेस फिग्वेरोआंनी तिला तोच प्रश्न विचारला, मुलीच्या मनात राग आहे का. आई म्हणाली, "मनात? मनात मावला असता तर बरं झालं असतं."

एल्वुडचं बंदुका बनवायचं दुकान म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतलं गॅरेज. गावातले सगळे, लहानथोर, त्यांना नुसतं एल्वुड म्हणतात. मी तेरा वर्षांची असताना आईने मला तिथे सोडलं, कारण शाळा सुटल्यावर घरी कुणी नसायचं आणि एल्वुडकडे शेगडी असायची. आधी मी झाडलं, हे खरंच आहे. मेपलचा भुसा फार बारीक असतो, झाडलं की हवेत उठतो, आणि दुपारच्या उन्हात गॅरेजभर सोन्याची धूळ तरंगत राहायची. मग घासकागद आला. मग फळीचे तुकडे, त्यांच्यावर गोल पटाशीने रेघा मारायच्या. "पटाशी ढकलू नकोस पोरी, ती कुठे जायचं म्हणते ते ऐक आणि मग तिला नाही म्हण." असं बोलायचे ते. चुकलं की म्हणायचे, "वा! हे कोंबडीने केलं की तू?" आणि एक दिवस त्यांनी अख्खा दस्ता माझ्यापुढे शिकंज्यात आवळला, नवा, कोरा, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला, आणि म्हणाले, कोर. मला वाटलं मी तयार झाले म्हणून दिला. ते खरंही होतं. पण त्या हिवाळ्यात मी बघितलं होतं की कॉफीचा कप ते दोन्ही हातांनी धरतात. कानस त्यांना अजून चालवता यायची, कारण शिकंजा पकडून धरतो. वेलबुट्टीला मात्र मोकळा हात लागतो, श्वास घेतला तरी केसभरही बाजूला सरकणार नाही असा. दुकानात त्या गोष्टीला नाव नव्हतं. त्यांचा हात थरथरू लागला की मी उठून शेगडीत लाकूड सारायची, म्हणजे माझी पाठ त्यांच्याकडे राहील.

आणि त्या दस्त्यावरचा वेलीचा वेढा माझा होता. दस्त्याच्या गालावर, जिथे नेम धरताना आपला गाल टेकतो तिथे, वेल उलटी फिरते, स्वतःच्याच अंगावरून जाते आणि पानाखाली दडते. तसं कुठल्याच जुन्या बंदुकीवर नाही. ते मला सुचलं आईच्या हातांवरून, कणकेची दोरी दोन टोकांनी उचलून, एक पीळ, एक घडी, झालं. एल्वुड पहिल्यांदा बघून म्हणाले होते, "हे काय, प्रेट्झेल? मोहरी लावून खायचं का?" मग बराच वेळ अंगठा त्यावरून फिरवत राहिले. अंगठाही थरथरत होता, पण लाकडावर टेकलेला होता म्हणून दिसत नव्हता.

ती बंदूक त्यांनी ऑक्टोबरच्या प्रदर्शनात ठेवली. दरवर्षी आगबंबवाल्यांच्या हॉलमध्ये असतं ते, कोंबडी-मक्याच्या सुपाचा वास आणि जवसाच्या तेलाचा वास एकमेकांत मिसळलेले. पहिल्या बक्षिसाची फीत तिलाच. वर्तमानपत्रवाली बाई वेढ्याचा फोटो काढत होती. मी एल्वुडच्या शेजारी उभी होते, केस धुतलेले, नवा शर्ट, कुठल्याही क्षणी माझं नाव येईल म्हणून ओठ आधीच हसायच्या बेतात. बाईने विचारलं, "आणि ही कोण?" एल्वुड म्हणाले, "ही? ही आमची झाडलोटवाली." लोक हसले. मीही हसले! ओठ तयारच होते, काय करणार. ते हसू माझ्या तोंडावर किती वेळ राहिलं कुणास ठाऊक, फोटोत आहे ते, एल्वुडच्या कोपराजवळ, दात दिसतायत. खाली छापलं होतं, ड्रायबेलबिस यांचा हात अजून तोच.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले ती एप्रन न बांधताच. "तुम्ही सांगायला हवं होतं." "काय?" "कुणी कोरलं ते." ते कानस पुसत होते. "पोरी, दुकानातून निघेल त्याच्यावर दुकानाचं नाव. पहिल्यापासूनची रीत आहे. मी माझ्या म्हाताऱ्याकडे राबलो तेव्हा माझं नाव कुठे होतं?" "तो म्हातारा तुमचं नाव घेत तरी असेल." "घ्यायचा की. शिव्या देताना." आणि मग डोळा मारून, "शिवाय तुझं ते आडनाव! कोरायला घेतलं तर नळी संपेल. लायबेन्सवरच गोळी बाहेर पडेल." एरवी मी खिदळले असते. त्या दिवशी मी एप्रन खुंटीवरून काढून शेगडीच्या तोंडाशी टाकला आणि दार उघडं ठेवून निघाले, थंडी आत यावी म्हणून. एवढ्या लहान सूडानेही किती बरं वाटलं होतं! त्याच आठवड्यात मी लायब्ररीत बसून ते दोन प्रश्न टाईप केले.

पहिल्याचं उत्तर सरकारने दिलं. दुसऱ्याचं जो भेटेल तो द्यायचा. यारित्सा म्हणाली, "बाई, चारशे तासांचं झंझट आहे हे. दुकानातून एक आण, म्हाताऱ्याच्या नाकासमोर नाचव." मी म्हटलं, "आणलेलीत मी कुठे असेन?" "तू तिच्या मागे असशील ना, धरून!" आई म्हणाली, "एवढ्या वेळात तू गाडी चालवायला शिकली असतीस, मधे दोनदा नापास होऊनसुद्धा." पण तळघरातली जागा तिनेच रिकामी करून दिली, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी, एकाच अटीवर, दारूचा कणही घरात यायचा नाही. एक दिवस कपडे काढता काढता ती म्हणाली, "त्यांचे हात थरथरतात हे एकदा बोलून टाक चारचौघांत. तुझं काम झालं. कशाला हे लाकूड?" मी असं अंग झटकलं की जणू तिने माझ्या ताटात काही टाकलं. "मला तसं नकोय." "मग कसं हवंय?" मला त्यांना लाकडाने हरवायचं होतं. स्वच्छ. त्यांचं गुपित मी कुठे उधळणार नव्हते, त्या बाबतीत मी किती थोर आहे याचा विचार करून मला अधूनमधून गहिवरूनही यायचं.

नळी आणि चकमकीचं कुलूप, म्हणजे ठिणगी पाडणारा घोडा, तयारच आणलं, सगळेच आणतात, एल्वुडही. पण लाकूड माझं. रागात कानस धरू नये, लाकूड बिघडतं, असं एल्वुड नेहमी सांगायचे. साफ खोटं. माझी कानस रागात इतकी छान चालली की काय सांगू. हिवाळाभर शाळा सुटली की मी तळघरात, वरच्या झरोक्यातून, रस्त्यावरच्या पायांमधून येणाऱ्या उजेडात, आणि शेजारी मशीन घरघरत असायचं. मी त्याच्याशी बोलायची. भाषणं करायची. त्या भाषणांत पुढचं प्रदर्शन असायचं, नावावर निळी टेप चिकटवलेली असायची, कारण परीक्षकांना कुणाचं काम ते कळू देत नाहीत, आणि टेप सुटायची आणि खाली माझं आडनाव, सबंध, शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि एल्वुड कोपऱ्यात. कधी ते रडायचे. कधी माझ्या पायाशी बसायचे. एकदा तर मी त्यांना हातात झाडू दिला आणि मग माझं मलाच विचित्र वाटून मशीनचं झाकण उघडून आत बघत बसले. झाडूवरचा तो हात मला फार स्पष्ट दिसला होता, नखातल्या काळ्या रेघेसकट. गाल कोरायची वेळ आली तेव्हा मी क्षणभरही थांबले नाही. तोच वेढा. तसाच्या तसा, तेवढाच खोल. दोन्ही बंदुका एका टेबलावर आल्या की आंधळ्यालाही कळेल, एकच हात. यापेक्षा पक्का पुरावा कुठला? मी खूश होऊन इतकी जोरात ओरडले की आई वरून म्हणाली, "बोट कापलं का?"

उन्हाळ्यात मामाच्या शेतावर पहिला बार काढला, नवी बंदूक बांधून ठेवून, लांबून दोरी ओढून. कुलपात ठिणगी, मग एक श्वासाएवढी शांतता, मग धडाम. पांढरा धूर मक्यावरून सावकाश गेला, सडक्या अंड्याचा वास मागे ठेवून. दस्त्याला एक चीर नव्हती. मामाने टाळ्या वाजवल्या, आईने वाजवल्या. आणि मी मान वळवून डाव्या बाजूला बघितलं, कुणीतरी "कोंबडीने केलं की तू?" म्हणेल म्हणून. तिथे कुंपण होतं. मला त्या कुंपणाचाही राग आला.

ऑक्टोबर आला. हॉलमध्ये तोच सुपाचा वास. एल्वुडनी गेल्या वर्षीचीच बंदूक मानाच्या टेबलावर ठेवली होती, स्पर्धेबाहेर. वर्षभरात त्यांच्या दुकानातून नवीन काही निघालं नव्हतं. का, ते हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं. ते खिडकीशी बसले होते, कोटात लहान झाल्यासारखे, पुढ्यात कप. मला बघून त्यांनी मान हलवली. मी हलवली नाही. परीक्षक मर्ल शॅपेल, मोठ्या पोटाचा, मऊ आवाजाचा माणूस, टेबलांवरून फिरत माझ्या बंदुकीशी आला आणि थांबला. उचलली. वळवली. गालावरून अंगठा नेला. मी आईचा हात इतका दाबला की ती म्हणाली, "अगं, उद्या बेकरीत बोटं लागतात मला." आणि मर्ल हसला. खिडकीकडे वळून मोठ्याने म्हणाला, "काय रे एल्वुड, एक बंदूक स्पर्धेबाहेर आणि एक आत? ड्रायबेलबिसचा वेढा मी झोपेतही ओळखीन!" लोक हसले. एल्वुडनी ती आपली नाही म्हणून डोकं हलवलं. मर्लने भुवया उंचावून टेपचं टोक सोडवलं आणि वाचलं, अडखळत, लाय, लायबेन्स. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्याची नजर मऊ झाली. त्या मऊपणाने मला गार केलं. "बेटा, हात छान आहे. पण नक्कल ती नक्कल. पुढच्या वर्षी स्वतःचं काहीतरी आण हं."

मी वर्षभर केलेल्या भाषणांत हे कुठेच नव्हतं. मी तोच वेढा कोरला, आणि तो वर्षापूर्वीच त्यांचा होऊन बसला होता. कानांत मशीनची घरघर सुरू झाली. मी एल्वुडकडे पाहिलं. एक वाक्य. त्यांनी एक वाक्य म्हणायचं होतं, मी अजूनही तेवढ्यावर सगळं सोडून दिलं असतं, निदान मला तसं वाटतं. त्यांनी कपाकडे बघत म्हटलं, "दुकानातच शिकली ना पोरगी." कुणीतरी "झाडलोट करता करता!" म्हणालं, काही वाईट हेतूने नाही, आणि पुन्हा हसू.

"त्यांना कोरून दाखवायला सांगा," मी म्हटलं.

माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा स्वच्छ होता. हॉलच्या मध्ये लहान मुलांना दाखवायला एक बाक असतो, त्यावर मेपलची फळी, बाजूला पटाश्या. मी तिकडे बोट केलं. "त्यांचा वेढा आहे ना? आत्ता कोरू दे. माझा शेजारी ठेवून बघा." आई म्हणाली, "कोरिन. बस खाली." अगदी हळू. तिला कळलं होतं. "नाही," मी म्हटलं. लोकांना मात्र ते फार आवडलं. "दाखव रे म्हाताऱ्या!" "शिकव पोरीला!" टाळ्या सुरू झाल्या, टेबलांवर चमचे वाजू लागले, सगळं प्रेमाने, सगळे त्यांच्या बाजूने. एल्वुडनी वर पाहिलं. सबंध वर्षात पहिल्यांदाच आम्ही एकमेकांकडे नीट पाहत होतो. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, मला तो हवा होता. मग ते उठले. येणार नाहीत असं मला वाटलं होतं. ते आले, बाकाशी बसले, कोटाची बाही वर सारली आणि गोल पटाशी उचलली.

पटाशीचं टोक लाकडावर वाजू लागलं. टिकटिकटिक, दूर कुठे सुतारपक्षी असावा तसं. चमचे एकेक करून थांबले. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि जोर लावला. पटाशी घसरली, फळीवर एक वेडीवाकडी रेघ गेली, लहान मुलाने भिंतीवर ओढावी तशी. त्यांनी पुन्हा टोक टेकवलं. पुन्हा घसरली. मर्ल म्हणाला, "एल्वुड, राहू दे," आणि त्याचा मऊ आवाज फाटला. तेव्हा त्यांनी पटाशी उलटी केली, पातं स्वतःकडे, मूठ माझ्याकडे, दुकानात आम्ही हत्यार देतो तशी. "घे," ते म्हणाले. आणि मग मान न वळवता, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "गेल्या वर्षीचंही हिचंच आहे. कोरिन लायबेन्सपर्गर." अजिबात न अडखळता.

मिळालं होतं. सगळं मिळालं होतं, नावासकट, भरल्या हॉलमध्ये, आणि खोटं कशाला बोलू, ते गोड लागलं, जिभेवर, घशात, खाली पोटापर्यंत. मी त्यांच्या जागी बसले. बाक त्यांच्या अंगाने गरम होता. पटाशी टेकवली, आणि ती गेली. एक लांब, ओली वाटावी अशी ढलपी गुंडाळत वर आली, हात दगडासारखा स्थिर. वेल फिरली, अंगावरून गेली, पानाखाली दडली. असा वेढा मी आधी कधी कोरला नव्हता. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, बघा. बघा ना! डोळ्याच्या कडेने मला मर्लचं पोट दिसत होतं, आईचा एप्रन, कुणाकुणाचे बूट, आणि सगळ्या बुटांची टोकं माझ्या उजवीकडे वळलेली होती, जिथे एल्वुड उभे होते आणि खिसा शोधत होते. तो हात त्यांना खिशात घालायचा होता आणि तो आत जात नव्हता. वेढा पूर्ण झाला होता. आता पटाशी ठेवायची आणि मान वर करायची, एवढंच राहिलं होतं. मी आणखी एक पान काढायला घेतलं. मग त्याच्या शेजारी आणखी एक.